अठरा–चौदा

टॉडमॉर्डनच्या टाउन हॉलखालून एक ओढा जातो,
ओढ्याबरोबर जुनी सीमा.
वर नाचायची लाकडी फरशी:
अर्धी लँकेशायरची, अर्धी यॉर्कशायरची.
सरकारनं ती रेघ केव्हाच पुसली,
गावानं नाही.
विल्फ बाराक्लफ म्हणे लग्नात आपल्या बाजूवरून हललाच नाही,
मॉरीनलाच यावं लागलं
एक पाऊल परमुलखात.

मी इथे चष्मे विकतो.
आठवडाभर लोकांना लहान-लहान होत जाणारी अक्षरं वाचायला लावतो
आणि शनिवारी शिडीवर चढून
पत्र्याचे आकडे खिळ्याला टांगतो.
हे काम विल्फनं शिकवलं, खेळही त्यानंच:
सहा वेळा आडवं व्हायचं, सहाही वेळा उठायचं,
मग चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा.
मी त्याला मंगळवेढ्याच्या शाळेतलं हुतूतू सांगितलं.
चेंडू नाही. नुसता दम.
दम तुटला की बाद.
बराच वेळ हसला तो.
"चेंडू परवडत नव्हता काय रे?"

दोन परगण्यांची मालिका, तीन सामने.
पहिला मार्चच्या चिखलात.
यॉर्कशायर अठरा, लँकेशायर चौदा.
शेवटच्या मिनिटाला हेस्केथ नावाचा पोरगा
रेषेच्या वीतभर अलीकडे दाबला गेला,
वर चौघं, एकमेकांच्या तोंडावर श्वास टाकत.
कठड्यापाशी आम्ही सगळे
एकाच पुडीत हात घालून चिप्स खात होतो.
आता आठवलं की काटा येतो.
तेव्हा व्हिनेगर कमी पडलं म्हणून भांडलो होतो.

दुसरा सामना पुढे ढकलला. मग आणखी पुढे.
मग कोणी ढकलायचंही सोडून दिलं.
फळ्यावर आकडे तसेच.
विल्फ एकटा जाऊन गवत कापायचा,
चुन्याच्या रेषा मारायचा.
कोणासाठी, विचारलं तर म्हणायचा,
रेषेला काय माहीत?

पानगळीत फर्मान निघालं:
टेकडीपलीकडे बेकपला जायचं नाही.
मॉरीनची बहीण तिथेच, सहा मैलांवर.
पुसलेली रेघ अशी रातोरात वर आली,
धुतलेल्या सदऱ्यावरचा शाईचा डाग यावा तशी.

नोव्हेंबरात विल्फच्या बोटाला चिमटा लागला.
मॉरीन फोनवर आकडे सांगायची.
अठ्ठ्याऐंशी.
दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी.
मी दुकानाच्या मागच्या खोलीत, फोन कानाला,
मनातल्या मनात हुतूतूहुतूतूहुतूतू,
मध्ये श्वास न घेता.
चाळिशी उलटलेला माणूस मी. किती टिकणार?

चर्चमध्ये मोजके आठ जण होतो.
बाकीचे रस्त्याच्या कडेला, चार-चार हातांवर,
टोप्या काढून, पावसात.
अख्ख्या हंगामात एवढे प्रेक्षक
मी पहिल्यांदाच पाहिले.

उन्हाळ्यात मंडळाचं पत्र आलं:
मालिका रद्द समजावी, आकडे उतरवावेत.
मी शिडी घेऊन गेलो. कुंपणाशी मॉरीन,
मास्क हनुवटीवर.
"राहू दे."
"मंडळ म्हणतंय."
"सांग त्यांना, गंजलेत, निघत नाहीत."
आणि मग ती जन्माची लँकेशायरची बाई,
एकेक शब्द दाताखाली फोडत:
"चार गुणांनी पुढे असताना गेला तो."

उतरवले मी.
शनिवारी बारा वर्षांखालच्या पोरांचा सामना होता,
आकडे लागणारच होते.
चौदातला चार सहज निघाला,
अठराला पक्कड लावावी लागली.

त्या दिवसापासून आठ सापडत नाही.
मॉरीनच्या स्वयंपाकघरात
किटलीखाली काहीतरी पत्र्याचं असतं.
मी वाकून बघत नाही.
कोणाचे आठ झाले की मी तीन टांगतो,
कठड्यावरून कोणीतरी ओरडतं, शिव्या देतं,
"चष्मेवाल्या, स्वतःचे डोळे तपास!"
लांबून तीन आणि आठ
सारखेच दिसतात म्हणा.
माझा तर धंदाच त्यावर चालतो.